सुपरहिरोचा मावळा करायचाय? आधी रंग बाजूला ठेव

तुझा प्रश्न थोडक्यात असा की सेलमध्ये सहा इंची सुपरहिरो स्वस्तात मिळाला, निळ्या सूटवाला, बिनमास्कचा, त्याचा भाच्याच्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळा करायचा ठरवलंस, हार्डवेअरच्या दुकानातला पांढरा स्प्रे मारलास, वर ब्रशने रंग दिलास, आणि आता कोपर वाकवला की पापुद्रे निघून खालचा निळा दिसतोय, पाच दिवस झाले तरी हाताच्या पंजाला आणि मानेला बोट चिकटतंय, आणि चेहरा भातुकलीतल्या बाहुलीसारखा झालाय. आणि शेवटी विचारलंयस, "दादा, कुठला चांगला रंग घेऊ?"

कुठलाच घेऊ नकोस, निदान या आठवड्यात तरी. तुझ्या तीन तक्रारींपैकी रंगाची म्हणावी अशी एकच आहे, चेहऱ्याची. बाकी दोन प्लास्टिकच्या आणि जॉइंटच्या आहेत, आणि त्या महागडे स्पॅनिश रंग आणलेस तरी जशाच्या तशा राहतील. मी वीसेक वर्षं हे उद्योग करतोय, त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीही रंगच बदलत बसलो होतो.

आधी चिकटपणाचं बघू. फिगर आपल्याला एकसंध दिसते पण ती एका प्लास्टिकची नसते. छाती, खांदे, मांड्या हे साधारणपणे कडक एबीएस, डोकं, पंजे, केप, पट्टे हे मऊ पीव्हीसी, आणि आतल्या खिळ्या अजून तिसऱ्याच कडक, गुळगुळीत प्लास्टिकच्या, ज्यावर काहीच टिकत नाही. नख रोवून बघ, जिथे किंचित दबतं ते पीव्हीसी. आता पीव्हीसी मुळात कडक असतं (नळाचे पाइप बघ), खेळण्यात ते मऊ ठेवायला त्यात प्लास्टिसायझर घालतात, म्हणजे तेलासारखाच एक पदार्थ, आणि तो आत गप्प बसत नाही, हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो. त्यावर थिनरवाला स्प्रे किंवा ऑइलपेंट बसला की दोघं एकमेकांत मिसळतात आणि तो थर मग सुकतच नाही. पाच दिवस काय, पाच वर्षं थांबलास तरी नाही. जुन्या फिगर बंद डब्यात ठेवल्यावर चिकट होतात तेही याच कारणाने, त्यांना मात्र साबणाच्या पाण्याने धुतलं तरी बरंच जातं.

मी सातवीत असताना एका मऊ डोक्याच्या हिरोला घरातल्या ग्रिलचा उरलेला ऑइलपेंट फासला होता आणि आई ओरडेल म्हणून पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकला. चार वर्षांनी काढला तर त्याच्या गालावर सोन्याचे भाव उलटे छापलेले होते. तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

तर हा स्प्रे काढावाच लागेल. मोबाइल रिपेअरवाल्यांकडे असतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, ९९ टक्केवालं, भाग त्यात अर्धा-पाऊण तास बुडव आणि जुन्या टूथब्रशने घास. रात्रभर ठेवू नकोस, ताणाखाली असलेले जॉइंट त्याने तडकू शकतात. ब्रशने दिलेला ॲक्रिलिक पटकन निघेल, स्प्रेचा थर त्रास देईल, थोडा उरेल, तो वॉटर पेपरने घासून काढ. हार्डवेअरवाला म्हणेल थिनर घेऊन जा, एक नंबर निघतं, तर नको. थिनर आणि ॲसिटोन दोन्ही एबीएस विरघळवतात, छातीवरचे सगळे कट बुळबुळीत होऊन जातील. आणि हे सगळं खिडकीपाशी कर, गॅसच्या शेगडीपासून लांब, हातात ग्लोव्ह्ज घालून. करोनातला उरलेला एन-९५ लावून वासापासून बचाव होईल असं समजू नकोस, तो धूळ अडवतो, वाफ नाही.

सुटे भाग करायला गरम पाणी. उकळी आली की गॅस बंद कर आणि डोकं, पंजे दोन मिनिटं त्यात धर. मऊ पीव्हीसी एवढ्या उष्णतेला लोण्यासारखं होतं, मग फडक्यात धरून किंचित फिरवत सरळ ओढ, पटकन निघतं. एबीएस त्या पाण्याला दाद देत नाही, म्हणून खांदा किंवा कंबर निघाली नाही तर हट्ट करू नकोस, खिळी तुटली तर ती आत अडकून बसते. वाकडी तलवारही अशीच सरळ होते, गरम पाण्यात बुडवून सरळ करायची आणि लगेच थंड पाण्यात. या बाबतीत आपल्या लहानपणीचे फनस्कूलचे जी. आय. जो सैनिक सगळ्यात सज्जन, पाठीत एक स्क्रू आणि आत एक रबरी ओ-रिंग, स्क्रू काढला की सगळा गडी सुटा होऊन हातात. ती ओ-रिंग आता सगळ्यांचीच कुजलेली असते, पण त्या मापाची रिंग शोधली की मिळते, मला प्लंबिंगच्या दुकानात मिळाली. असो, विषय भरकटला.

आता पापुद्रे. हा खरा मुद्दा आहे. पुतळा आणि ॲक्शन फिगर यात फरक हा की फिगर हलते, आणि हलणारे दोन भाग एकमेकांवर इतके घट्ट बसलेले असतात की मध्ये रंगाच्या थराला जागाच नसते. कारखान्यात तिथे सहसा रंग लावतच नाहीत, प्लास्टिकच त्या रंगाचं ओततात. नीट बघ, तुझ्या निळ्या सूटवर निळा रंग मारलेलाच नाहीये, ते प्लास्टिकच निळं आहे, रंग फक्त छातीवरच्या चिन्हाला, पट्ट्याला आणि चेहऱ्याला. प्रत्येक जादा रंगाला वेगळा मास्क (बाकीचा भाग झाकणारा साचा), वेगळा हात, वेगळा वेळ, म्हणजे पैसे, त्यामुळे लाखांनी निघणाऱ्या मालात शक्य तिथे रंग टाळतात. १९६४ मध्ये हॅसब्रो या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीने बारा इंची जी. आय. जो आणला, तेव्हा मुलगे बाहुली म्हटल्यावर घेणार नाहीत म्हणून त्याला ॲक्शन फिगर हे नाव दिलं, आणि त्या पहिल्या जोला गणवेश रंगवलेला नव्हताच, खरे शिवलेले कापडी कपडे होते. हे मी उगाच ज्ञान म्हणून सांगत नाहीये, तुझ्या अडचणीचं उत्तर त्यातच आहे.

मावळा काय घालतो? अंगरखा, सुरवार, कमरेला शेला, डोक्याला मुंडासं. म्हणजे कोपर कापडाखाली, गुडघे कापडाखाली, खांदे आणि कंबर पण कापडाखाली. मग तिथे रंग कशाला द्यायचा! निळा राहू दे की आत. तुला रंगवायचेत फक्त चेहरा, मान आणि दोन पंजे, आणि पायातले जोडे. निम्मी कटकट तिथेच संपली. मी स्वतः आता कुठलीही फिगर हातात घेतली की आधी कागदावर लिहून काढतो की कुठे रंग लावायचा नाही, उरेल ते काम.

मनगट मात्र हलतं, आणि मानही. तिथे पंजाच्या आतल्या खिळीभोवती आणि मानेच्या कडेला ४०० नंबरच्या वॉटर पेपरची बारीक घडी घालून ओलं करून घास. नक्की कुठे घासतंय हे कळायला शिसपेन्सिलने तो भाग काळा कर, भाग परत बसव, दहा वेळा फिरव आणि काढून बघ, जिथली पेन्सिल पुसली गेली तिथे प्लास्टिक कमी करायचं. परमनंट मार्कर वापरू नकोस हां, त्याची शाई मऊ प्लास्टिकमध्ये मुरते आणि महिन्याभराने वरच्या रंगातून डोकं वर काढते, माझ्या एका पांढऱ्या घोड्याला असा जांभळा डाग पडलाय. घासून झालं की जॉइंट सैल वाटायला नको, घसरतोय असं वाटलं की थांबायचं. (पुढे कधी उघडा कोपर रंगवायची वेळ आली आणि मूळ भाग फिक्या रंगाचा असला तर पॉलिएस्टरचा डिस्पर्स डाय गरम पाण्यात करून भाग त्यात बुडवतात, रंग प्लास्टिकमध्ये शिरतो, थर चढत नाही, म्हणून निघत नाही. निळ्यावरून गव्हाळ मात्र डायने होणार नाही, डाय गडदच करतो.)

कापडाबद्दल एक साधा हिशोब. सहा इंची फिगर म्हणजे साधारण १:१२, सहा फुटांचा माणूस सहा इंचांत. तर एक मिलिमीटर जाडीचं कापड त्याच्या अंगावर बारा मिलिमीटरचं होतं, म्हणजे अंगरखा नाही, गोधडी. म्हणून शर्टपीसचं उरलेलं कापड नको, सगळ्यात पातळ मलमल घे, आजोबांच्या जुन्या धोतराचा झिजलेला तुकडा तर सोनंच, कारण धुवून धुवून तो पडतो छान. बंगाली मिठाईच्या रंगाचं भडक सॅटिन अजिबात नको, त्या लहान अंगावर ते लखलखतं आणि लगेच खेळण्यासारखं दिसतं. शिवण आतून, हाताने, आणि कडा दुमडू नकोस, दुमडलं की जाडी दुप्पट, कडेला पातळ फेव्हिकॉलचं बोट फिरव म्हणजे सुटणार नाही. अंगरख्याच्या बाह्या मनगटापर्यंत लांब ठेव आणि तिथे चुण्या पडू दे, मग मनगटाचा जॉइंटही अर्धा झाकला जातो. चुण्या आणि घोळ बसवायला फेव्हिकॉल एकास एक पाण्यात कालवून ब्रशने आतून लाव, आणि टाचण्यांनी हव्या त्या घड्या धरून सुकू दे. कोपरापाशी मात्र लावू नकोस, नाहीतर परत पुतळा.

सुपरहिरोचे दंड हा एक प्रॉब्लेम आहे, त्यावर अंगरखा चढला की गडी कुस्तीच्या फडातून आल्यासारखा दिसतो. मावळा काटक. चालेल, एखादा असतोच तसा, पण पुढच्या वेळी बेस निवडताना सडपातळ शरीराची फिगर शोध, चेहरा कसाही असला तरी. चेहरा बदलता येतो, खांदे कापता येत नाहीत.

मुंडासं बांधायच्या आधी डोक्यावरचे केस उतरवावे लागतील, नाहीतर टोपलं ठेवल्यासारखं वर येतं. डोकं गरम पाण्यात मऊ कर आणि पेपर कटरने पातळ काप घेत केस छाट, बोटं वाचव. वर एम-सीलचा पातळ गोळा, आणि त्यावर मलमलीची अर्धा इंची पट्टी त्याच फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून, पिळा घालत घालत खऱ्यासारखी गुंडाळ. मातीतून घडवलेल्या मुंडाशापेक्षा हे दहापट चांगलं दिसतं कारण ते खरंच मुंडासं असतं. मिशी आणि कल्ले एम-सीलनेच, दोन्ही रंग एकजीव होईपर्यंत मळ, बोटाला पाणी लाव म्हणजे चिकटत नाही, आणि टूथपिकने केसांच्या रेघा ओढ. एका वेळी वाटाण्याएवढंच मळ, ते लवकर घट्ट होतं. मिलिपुट (तशीच दोन भाग मळायची पुट्टी) जास्त वेळ देतं आणि जास्त बारीक काम होतं, पण पहिल्या मिशीसाठी कशाला.

आता चेहरा, ज्याच्यासाठी तू मुळात आलास.

भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात डोकं आणि पंजे धू, साच्यातून सुटावं म्हणून मारलेला तेलकट थर आणि आपल्या बोटांचं तेल दोन्ही निघतं. सुकलं की बोट लावू नकोस, बाटलीच्या बुचात टूथपिक खोचून त्यावर डोकं बसव आणि बूच धरून रंगव. प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक, ब्रशने लावायचा, करडा, आणि एक दिवस पूर्ण सुकू दे. पांढरा घेऊ नकोस, सावळ्या कातडीखाली पांढरा असला की राख फासल्यासारखं येतं.

रंग दुधाइतका पातळ, आणि थर तीन-चार. तू एका थरात झाकायला गेलायस ते तुझ्या फोटोत ब्रशच्या रेघांवरून दिसतंय. पहिला थर लाजिरवाणा दिसतो, दिसू दे. त्वचेसाठी माझं मिश्रण बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर, किंचित पांढरा, आणि सुईच्या टोकावर मावेल एवढा निळा. हा निळा विसरू नकोस, त्याच्याशिवाय माणूस नारिंगी होतो. बाजारात "स्किन" नावाची तयार बाटली मिळते तो गुलाबी रंग कुठल्या माणसाचा आहे मला अजून कळलेलं नाही, सह्याद्रीत उन्हात फिरणाऱ्याचा तर नक्कीच नाही. रंग वाळत असेल तर डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्या कागदावर रंग कालव, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही ओला राहतो.

मग सावल्या. खऱ्या माणसाच्या नाकाची सावली गालावर पडते, पण पाऊण इंची डोक्यावर तेवढी सावली पडतच नाही, म्हणून ती आपण रंगवायची. बर्न्ट अंबर अगदी पातळ करून डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या बाजूंना, खालच्या ओठाच्या खाली, कानात. उरलेला लगेच ओल्या ब्रशने ओढून घे, डबकं साचू देऊ नकोस. नंतर मूळ त्वचेत थोडा ऑकर आणि पांढरा टाकून कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची हाडं. हनुवटीवर करडा-निळा जवळजवळ पाण्यासारखा एक हात दिलास की दोन दिवसांची दाढी दिसते, ही माझी सगळ्यात आवडती पायरी, अचानक समोर माणूस बसलेला असतो.

डोळे बाहुलीसारखे का झाले सांगू? तू पांढराशुभ्र रंग भरून मधोमध पूर्ण गोल बुबुळ काढलंयस. आरशात बघ, बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली असतो, अख्खा गोल फक्त भूत बघितल्यावर दिसतो. आणि डोळ्याचा पांढरा पांढरा नसतो. तर आधी अख्खी खोबण गडद तपकिरी, त्यात मळकट पांढऱ्याची बारीक पट्टी भर, कडेला तपकिरी रेघ उरली पाहिजे, ती म्हणजे पापणी. मग बुबुळ वरच्या रेघेला चिकटवून. नजर सरळ समोर नको, किंचित एका बाजूला दे, सरळ बघणारे डोळे जुळवायला जातो आणि हमखास एक तिरळा होतो. जो डोळा हाताला अवघड तो आधी काढ, मग सोपा त्याच्याशी जुळव, उलटं केलंस तर फसशील. ब्रश दहा शून्यांचा नको, त्यात रंग टेकवेपर्यंत सुकतो, एक नंबरचाच पण टोक शाबूत असलेला घे, आणि बुबुळासाठी शिवणाची सुई. दोन्ही मनगटं टेबलाला टेकलेली असू देत. चुकलं तर पुसायला जाऊ नकोस, सुकू दे आणि त्वचेच्या रंगाने झाक. माझे अजूनही चार-पाच प्रयत्न जातात.

एक हळहळ सांगतो. २०१८ च्या आसपासपासून हॅसब्रोच्या सहा इंचींवर चेहरे थेट छापलेले येतात, बारीक ठिपक्यांनी, भिंगातून बघितलं तर दिसतात. ते डोळे आपल्याला हाताने सहसा जमत नाहीत. म्हणजे तुझ्या गड्याचे मूळ डोळे ठेवून फक्त भोवतीची त्वचा सावळी करता आली असती. आता स्प्रेखाली गेले ते गेले, अल्कोहोलने तेही निघतील. पुढच्या वेळी.

वरून मॅट वॉर्निश, तोही पाण्याचा, ब्रशने पातळ. स्प्रे वॉर्निश मारणारच असशील तर पाऊस पूर्ण गेल्यावर, कोरड्या दुपारी. एकदा जुलैत ठाण्यात मी घाईने मॅट स्प्रे मारला आणि अख्खी फिगर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी झाली, हवेतला ओलावा थरात अडकतो. दसरा ते दिवाळी या कोरड्या दिवसांत बहुतेक निभावतं. डोळ्यांवर शेवटी ग्लॉसचा एकेक थेंब, बास, जोड्यांना थोडी चमक ठेव, बाकी सगळं मॅट.

ढालीसाठी काही विकत आणू नकोस. ओव्हरकोटाचं चार भोकांचं मोठं बटण घे, तीन सेंटीमीटरचं म्हणजे १:१२ मध्ये ३६ सेंटीमीटर व्यासाची ढाल झाली, आणि चार भोकांवर एम-सीलचे चार ठिपके म्हणजे ढालीवरच्या चार फुल्या, देवानेच बनवून ठेवल्यासारख्या. काळपट तपकिरी रंग, फुल्यांना पितळी. तलवारीचं टोक बोथट कर, भाचा खेळणारच आहे. आणि भाचा तोंडात घालायच्या वयाचा असेल तर हा मावळा त्याच्या हातात द्यायचा नाही, किल्ल्यावरच ठेवायचा.

किल्ल्यावर कुठे ठेवायचा हेही बघ, कारण बाजारातले मातीचे मावळे याच्या गुडघ्याला लागतील आणि हा बुरुजावर उभा राहिला तर बुरुजाचा पाट होईल. पायथ्याला, पुढे, महादरवाज्याच्या बाहेर उभा कर, जवळचा माणूस मोठा दिसतो तसा खपून जातो. किल्ल्यावर अळीव पेरलेलं असतं आणि रोज पाणी मारतात, त्यामुळे ओल्या मातीत थेट रोवू नकोस, जोड्यांचा रंग आणि सुरवारीचा फेव्हिकॉल दोन्ही सुटतील. खाली फरशीचा तुकडा ठेव, आणि बहुतेक फिगरच्या तळपायाला एक भोक असतं, तुझ्याही बघ, त्यात जाड तारेचा तुकडा उभा बसवून तार फरशीच्या कडेने मातीत खोच. अल्कोहोल लावून झालं की कोपराचा फोटो पाठव, स्प्रे किती उरलाय ते बघून पुढचं सांगतो.